पहिला रायफल सप्रेसर : ९०० डॉलरमध्ये नेमकं काय घ्यावं?

नवा_नेमबाज :
टेक्सासमध्ये राहतो, ग्रीन कार्ड आहे. पहिला सप्रेसर (बॅरलच्या तोंडाला लावायची, आवाज कमी करणारी नळी) घ्यायचाय. दोन रायफली आहेत. एक बोल्ट अ‍ॅक्शन टिक्का टी३एक्स, .३०८, २० इंची बॅरल, आटे ५/८×२४. दुसरी एआर-१५, ५.५६, १६ इंची बॅरल, मिड-लेंग्थ गॅस (बोल्ट चालवणारी गॅसची नळी मध्यम लांबीची), आटे १/२×२८. वापर म्हणजे महिन्यातून एक-दोनदा रेंज आणि अधूनमधून रानडुकरांची शिकार. सगळं धरून ९०० डॉलरच्या वर जायचं नाही.

प्रश्न असे : दोन्ही रायफलींना मिळून एकच घेतला तर चालेल का? टायटॅनियम की स्टील? पटकन काढता-घालता येणारा माउंट घ्यावा की सरळ आट्यांवर फिरवायचा? जाहिरातींतले डेसिबलचे आकडे कितपत खरे मानायचे? आणि १ जानेवारी २०२६ पासून २०० डॉलरचा टॅक्स शून्य झाला, तर आता कागदपत्रांचं काय उरलं?

बोल्टकरी :
एकच घ्या, आणि तो .३० कॅलिबरचा घ्या. .३० च्या सप्रेसरमधून ५.५६ बिनधास्त जाते. उलटं कधीच नाही. ५.५६ च्या सप्रेसरमधून .३०८ ची गोळी मारली तर ती पहिल्याच बॅफलवर (सप्रेसरच्या आतल्या, छिद्र असलेल्या आडव्या पडद्यावर) आदळते. दोन रायफली एकाच कपाटात असतील तर हे आधी डोक्यात पक्कं करा. मोठ्या छिद्रामुळे ५.५६ वर खास ५.५६ साठीच्या सप्रेसरपेक्षा दोन-चार डेसिबल जास्त आवाज येतो, तेवढं सोसायचं.

डेसिबलच्या आकड्यांवर निवड करू नका. मायक्रोफोन नळीच्या तोंडाशी ठेवला की नेमबाजाच्या कानाशी, बॅरल किती इंची होतं, काडतूस कुठलं, हवा किती थंड होती, यातलं काहीही बदललं की आकडा बदलतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच माणसाने एकाच दिवशी, एकाच रायफलीवर मोजलेले असतील तर गोष्ट वेगळी.

ढोबळ चित्र असं : सप्रेसरशिवाय .३०८ तोंडाशी १६० च्या वर जाते, चांगल्या सप्रेसरने १३०-१४० च्या मध्ये येते. क्षणिक आवाजासाठी १४० ही धोक्याची रेघ मानतात. म्हणजे आपण रेघेच्या जरा खाली आलो, एवढंच. शिवाय गोळी स्वतः ध्वनीपेक्षा दुपटीहून जास्त वेगाने जाते, तिचा कडकडाट कुठलाच सप्रेसर थांबवू शकत नाही. रेंजवर इअरप्लग राहणारच, आणि शेजारच्या लेनमध्ये कोणी मझल ब्रेक (धक्का कमी करायला गॅस बाजूला फेकणारा, बॅरलच्या तोंडाचा तुकडा) लावून मारत असेल तर वरून मफही.

पैसे जिथे घालायचे ते दोन ठिकाणी : मजबुती आणि माउंट. मजबुती म्हणजे कंपनीने छापलेली किमान बॅरल लांबी आणि कॅलिबरची यादी. तुमची २० इंची .३०८ आणि १६ इंची ५.५६ बहुतेकांच्या यादीत आरामात बसते. उद्या १० इंची एआर घ्यायचा विचार असेल तर मात्र ती ओळ नीट वाचा, कारण आखूड बॅरलच्या तोंडाशी गॅसचा दाब आणि उष्णता कितीतरी जास्त असते आणि सगळा मार पहिल्या बॅफलवर बसतो.

दोनदा_मोजा :
आधी लगीन माउंटचं! सप्रेसर घेताना मागच्या बाजूला १.३७५×२४ चे आटे, म्हणजे ज्याला सगळे 'हब' म्हणतात ते, आहेत का बघा. असतील तर माउंट कुठल्याही कंपनीचा बसवता येतो आणि उद्या मत बदललं तर फक्त माउंट बदलायचा. एनएफए (नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट) खालची वस्तू विकायची म्हणजे पुन्हा फॉर्म, पुन्हा वाट बघणं. त्यामुळे न आवडलेला सप्रेसर सहसा कपाटातच पडून राहतो. एकाच कंपनीच्या खास माउंटला कायमचा जखडलेला सप्रेसर पाच-पन्नास डॉलरने स्वस्त मिळतो, आणि मग दर नव्या रायफलीमागे त्याच कंपनीचा महाग ब्रेक घ्यावा लागतो.

तुमच्या आकड्यात बसवायचं तर ढोबळ हिशोब : हब असलेला स्टीलचा .३० सप्रेसर ६०० च्या आतला, टेपरवर (निमुळत्या खांद्यावर) बसणारा माउंट ९५ च्या आसपास, दोन रायफलींसाठी दोन मझल डिव्हाइस (माउंट ज्यावर बसतो ते बॅरलवरचे तुकडे, इथे ब्रेक) प्रत्येकी ७०. झाले ८२५-८३५. टेक्सासचा सेल्स टॅक्स जास्तीत जास्त ८.२५ टक्के, तो धरला की ९०० ला टेकतो. याहून खाली यायचं असेल तर सप्रेसरसोबत बहुधा येणारा ५/८×२४ चा डायरेक्ट थ्रेड माउंट फक्त टिक्कावर वापरा आणि एआरचं नंतर बघा.

एक गोष्ट टाळाच : १/२×२८ वरून ५/८×२४ करणारा अ‍ॅडॅप्टर. दहा-वीस डॉलरचा तुकडा, पण जोडावर जोड आला की प्रत्येक जोडाची थोडी थोडी चूक बेरजेत जाते. .३० च्या सप्रेसरचं छिद्र समजा ०.३५० इंच आहे. .३०८ ची गोळी मधोमध गेली तर सगळ्या बाजूंनी ०.०२१ इंच जागा उरते, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. ५.५६ ला दीड मिलिमीटरच्या वर मिळतो, म्हणून एआरवर ही चूक खपून जाते आणि .३०८ वर बॅफल फुटतो.

तपासायची पद्धत : रायफल रिकामी, बोल्ट काढलेला. कॅलिबरप्रमाणे घासून बनवलेली अलाइनमेंट रॉड चेंबरकडून घाला, सप्रेसर पूर्ण बसवा आणि पुढून बघा. रॉडभोवतीची कड सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर आधी माउंट काढून पुसून पुन्हा बसवा. आट्यांच्या तळाशी कार्बनचा कण किंवा रंगाचा पोपडा असतो बऱ्याचदा. तरीही तसंच दिसलं तर बॅरलचा खांदा काटकोनात कापलेला नाही, गनस्मिथकडे न्या. साफसफाईची साधी रॉड यासाठी वापरू नका, ती वाकते आणि खोटं सांगते.

आणि मझल डिव्हाइसखाली क्रश वॉशर (घट्ट करताना दबणारी चकती) नको. तो चिरडताना एका बाजूला कलतो. टाइमिंग (ब्रेकची भोकं हव्या बाजूला आणणं) साधायचंच असेल तर सपाट शिम (पातळ चकती). टेपर माउंटच्या ब्रेकला बहुधा टाइमिंगची गरजही नसते.

गंजलेली_नळी :
टायटॅनियम-स्टीलबद्दल. फक्त टिक्का असती तर डोळे झाकून टायटॅनियम म्हणालो असतो. २० इंची बॅरलच्या टोकाला सात इंच आणि १८-२० औंस लटकले की रायफल पुढे झुकते, उभ्याने नेम धरताना लगेच कळतं. टायटॅनियममध्ये तेच काम १२ औंसांच्या आसपास होतं.

पण एआर मध्ये आली. टायटॅनियमची ताकद तापल्यावर घसरते, साधारण ८०० अंश फॅरनहाइटच्या वर नेऊ नका असं बरेच उत्पादक सांगतात. शिकारीच्या तीन-चार फैरींना तिथपर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. ३० च्या मॅगझीन एकामागून एक रिकाम्या केल्या की मात्र लवकर पोचतो, आणि अंधारात समोर ठिणग्यांची फुलबाजी दिसते ती वेगळीच. १७-४ स्टील जड पण सोशिक. इन्कोनेल किंवा स्टेलाइटचा (उष्णता सोसणारे मिश्रधातू) पहिला बॅफल असेल तर उत्तम, फक्त ते या बजेटमध्ये क्वचित मिळतं. तुमच्यासाठी स्टील, लांबीला सहा-सात इंच. नऊ इंचीतून मिळणारा जास्तीचा शांतपणा झुडपांत अडकणाऱ्या नळीच्या मोलाचा नाही.

आता एआरचं, कारण खरी कटकट तिथेच आहे. सप्रेसर लावला की गॅस नळीत जास्त वेळ अडकतो, बोल्ट जोरात मागे येतो, चार्जिंग हँडलच्या फटीतून धूर डोळ्यांत जातो. रिकाम्या काडतुसाची कडा ओरबाडलेली दिसली आणि ती पुढे, एक-दोन वाजताच्या दिशेने फेकली जायला लागली, तर गॅस जास्त आहे असं समजा. मिड-लेंग्थ आहे ते बरं, कार्बाइन लेंग्थला हे अजून वाईट. पहिला उपाय सगळ्यात स्वस्त : साधा ३ औंसी बफर (बोल्टच्या मागचं वजन) काढून त्याहून जड एच२ घाला. बऱ्याच १६ इंची रायफली एवढ्यावर शहाण्या होतात.

नाही झाल्या तर अ‍ॅडजस्टेबल गॅस ब्लॉक (बोल्टकडे जाणारा गॅस कमी-जास्त करणारा). लावायचा क्रम : सप्रेसर चढवा, ब्लॉक पूर्ण बंद करा, मॅगझीनमध्ये एकच काडतूस घालून मारा. बोल्ट मागे अडकला नाही तर एक क्लिक उघडा, पुन्हा एकच काडतूस. ज्या क्लिकला बोल्ट मागे अडकतो तिथून आणखी एक-दोन क्लिक उघडून सोडा. हे सगळं तुमच्याकडच्या सगळ्यात नरम काडतुसावर करायचं. जोरदार काडतुसावर जुळवून ठेवलं तर थंडीत स्वस्त काडतूस अडकणार. बोल्ट कॅरियरला नेहमीपेक्षा सढळ हाताने तेल.

फॉर्म_४ :
कागदांचं उत्तर. शून्य झाला तो फक्त टॅक्स. १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट जागेवर आहे, नोंदणी जागेवर आहे. फॉर्म ४ (सप्रेसर तुमच्या नावावर करण्याचा अर्ज), बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमी तपासणी, मंजुरी येईपर्यंत सप्रेसर डीलरकडे. डीलर तुमच्याच राज्यातला आणि एनएफएचा व्यवहार करणारा हवा. ऑनलाइन घेतलात तरी माल त्याच्याकडे येतो, आणि तो ट्रान्सफर फी लावतो का ते आधी विचारा, कारण वरच्या हिशोबात ती धरलेली नाही. अर्ज ईफॉर्म्सवरच (सरकारी ऑनलाइन पोर्टलवर) करा. नाव आणि पत्ता आयडीवर आहे तसाच, अक्षरन् अक्षर. अर्ज परत येण्याची कारणं बहुधा इतकीच क्षुल्लक असतात, आणि आपल्याकडे मधल्या नावाचा घोळ असतोच : एका कागदावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर.

स्वतःच्या नावावर की ट्रस्टच्या? स्वतःच्या नावावर घेतलात तर तुमच्या गैरहजेरीत बायकोच्या किंवा भावाच्या ताब्यात तो असता कामा नये. तिजोरीची किल्ली घरात दोघांकडे असेल तर हा नुसता कागदी मुद्दा राहत नाही. ट्रस्टमध्ये सहविश्वस्तांना तो बाळगता येतो, पण अर्जाच्या वेळी प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे आणि फोटो लागतात.

तुम्ही ग्रीन कार्डवाले म्हणून प्रश्न नाही. हा धागा एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरचं कोणी वाचत असेल तर : नॉन-इमिग्रंट व्हिसावर शस्त्र बाळगणं संघीय कायद्याने मुळातच निषिद्ध आहे आणि सप्रेसर कायद्याच्या लेखी शस्त्रच आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. त्या भानगडीत वकिलाशिवाय पडू नका, इमिग्रेशनचं सगळं पणाला लागतं.

कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय, डेलावेअर, ऱ्होड आयलंड, हवाई या राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये सामान्य नागरिकाला सप्रेसर चालत नाही. मित्राकडे शिकागोला जाताना गाडीच्या डिकीत राहिला, ही सबब तिथे चालणार नाही. सुटा बॅफलही कायद्याने सप्रेसरच, त्यामुळे 'स्पेअर पार्ट' म्हणून काही मागवू नका. खराब झाला तर तो उत्पादकाकडे दुरुस्तीला जातो. आणि ऑनलाइन 'सॉल्व्हेंट ट्रॅप' नावाने (साफसफाईच्या नावाखाली सप्रेसरचेच सुटे भाग) जे किट विकतात त्याकडे ढुंकूनही बघू नका.

नवा_नेमबाज :
म्हणजे हबवाला स्टीलचा .३०, टेपर माउंट, दोन ब्रेक. दोन शंका उरल्या. टिक्कामध्ये सबसोनिक (ध्वनीपेक्षा कमी वेगाची) काडतुसं वापरून खरंच शांत करता येईल का? आणि मंजुरी येईपर्यंत आधी काय करून ठेवता येईल?

बोल्टकरी :
सबसोनिक .३०८ कागदावर मारायला मजेशीर, डुकरावर नको. हजार-एक फूट प्रति सेकंदाला बहुतेक शिकारी गोळ्या फुलतच नाहीत, जनावर जखमी होऊन पळतं. शिवाय टिक्काच्या .३०८ चा ट्विस्ट १:११ आहे, म्हणजे ११ इंचांत गोळीची एक फिरकी. जड आणि संथ गोळी त्यात नीट फिरत नाही. हौस असेल तर आधी सप्रेसर न लावता २५ यार्डांवर कागदावर मारा. भोकं गोल पडली तर ठीक. एकही लांबट पडलं तर गोळी डगमगते आहे, आणि त्या अर्ध्या मिलिमीटरच्या जागेतून डगमगणारी गोळी पाठवायची नाही.

झीरो (नेम आणि मार जुळवणं) सप्रेसर लावूनच करा. लावल्यावर मार थोडा सरकतो, बहुधा खाली, पण दर वेळी तितकाच सरकत असेल तर काळजी नाही. दर वेळी वेगळीकडे जात असेल तर माउंट सैल आहे.

दोनदा_मोजा :
ब्रेकला कुठलाही फॉर्म लागत नाही, ते आत्ताच घेऊन बसवून ठेवा. बॅरलचे आणि ब्रेकचे आटे अ‍ॅसिटोनने पुसा, तेलाचा अंशही नको. रॉकसेटचे (आटे पक्के करणारा डिंक) दोन थेंब, कंपनीने दिलेला टॉर्क (बहुतेकांचा २० ते ३० फूट-पाउंडच्या दरम्यान असतो), आणि २४ तास हात लावायचा नाही. लाल लॉकटाइट नको. तापल्यावर तो मऊ होतो, मग सप्रेसर उघडताना त्याच्यासोबत ब्रेकही फिरून येतो. रॉकसेट उष्णतेला टिकतो आणि काढायचा झाला तर रात्रभर पाण्यात ठेवून सुटतो.

एआरचा सध्याचा फ्लॅश हायडर काढताना रिसीव्हर वाइसमध्ये पिळू नका, बॅरल ब्लॉक किंवा रिअ‍ॅक्शन रॉड वापरा. आणि सप्रेसर आला की पहिल्या दिवशी रॉड लावून बघा, मग पहिल्या पाच फैरी एकेक करून मारा. प्रत्येक फैरीनंतर जाड हातमोजा घालून माउंट हलतो का बघा आणि पुढच्या टोपीच्या छिद्राची कड तपासा. तिथे तांब्याचा चकचकीत ओरखडा दिसला तर तिथेच थांबा.