मदत हवी आहे: कंबरेचं हाड मोडलेली कुत्री घरी आहे, बरी झाल्यावर तिला कुठे पाठवायचं?

लिंबूसरबत:
नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे हे आधीच सांगते आणि टायपो सांभाळून घ्या, एका हाताने टाइप करतेय कारण दुसऱ्या हातावर डोकं टाकून ती झोपलीय आणि हात काढला की कुंईकुंई सुरू.

तर २२ दिवसांपूर्वी रात्री साडेदहाला ऑफिसहून येत होते, भांडुपला एलबीएस रोडवर एक टेम्पो तिला उडवून गेला, थांबला पण नाही. आमच्या भाजीवाल्या मावशी भर रस्त्यात बसून "राणी, राणी" करत होत्या आणि ती पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत त्यांच्याकडे सरकत होती. मी काही प्राणीप्रेमी वगैरे कॅटेगरीतली नाही, घरी साधा मासा पण पाळला नाही कधी, पण ते बघून पुढे जाववेना. तीन रिक्षावाले नाही म्हणाले, चौथ्याने स्वतःच मागच्या सीटवर गोणपाट अंथरलं आणि मीटर पण टाकला नाही. पहिल्या क्लिनिकमध्ये "भटकी आहे ना, मग सकाळी या" ऐकून घेतलं. सकाळी परळला बैलघोड्यात, म्हणजे प्राण्यांच्या हॉस्पिटलात न्यायचं असं ठरवत होतो तेवढ्यात नवऱ्याच्या मित्राने एका डॉक्टरांचा नंबर दिला, ते बिचारे रात्री बाराला उठून क्लिनिक उघडायला आले.

एक्सरेत पेल्व्हिस दोन जागी फ्रॅक्चर. पण मांडीचं हाड बसतं ती वाटी शाबूत आहे आणि तुकडे फार सरकलेले नाहीत, त्यामुळे ऑपरेशन नको, तिथले स्नायूच हाडाला धरून ठेवतात म्हणे, फक्त ६ ते ८ आठवडे सक्त विश्रांती. शू आपली आपण करते, शेपटी हलवते, म्हणजे नसा ठीक आहेत. वर टिक फीवर (गोचिडीमुळे होणारा ताप) निघाला, प्लेटलेट कमी, त्याच्या डॉक्सी या अँटिबायोटिकच्या गोळ्या २८ दिवस. वय अंदाजे दीड वर्ष. आतापर्यंत १४ हजार गेले, त्यातले पाचशे मावशींनी जबरदस्तीने माझ्या पिशवीत कोथिंबिरीखाली कोंबले होते, घरी आल्यावर कळलं.

आमचं वन बीएचके, मी, नवरा, सासूबाई. सासूबाई पहिले दोन दिवस नाक मुरडून होत्या, आता तिला चिंगी म्हणतात आणि माझ्या नकळत पोळी भरवतात. मदत हवी आहे ती अशी की एक, विश्रांती म्हणजे नक्की किती, कारण बाईसाहेबांना आता बरं वाटायला लागलंय आणि त्या उठून धावायला बघतात, टाइल्सवर परवा चारी पाय चार दिशांना. दोन, पॉटीला बसताना रडते, दोन दोन दिवस करत नाही. तीन, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले की लिफ्टमधून नेऊ नका आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सगळ्या कुत्र्यांना उचला.

आणि चौथा प्रश्न ज्याच्यासाठी खरं तर धागा काढला. सगळे म्हणतायत अडॉप्शनला दे. पण मावशी रोज विचारतात "कधी आणताय आमच्या राणीला?" मी म्हटलं मावशी ती आता रस्त्यावर नाही राहू शकत, तर म्हणाल्या, अहो पण ती रस्त्यावर कुठे राहायची, ती माझ्या गाडीखाली राहायची ना. मला उत्तरच सुचलं नाही.

जुनाभांडुपकर:
आधी एक सांगा, उचलताना चावली बिवली का? दुखणारं कुत्रं ओळखीच्या माणसालाही चावतं.

लिंबूसरबत:
हो, मनगटावर एक दात लागला. रक्त आलं थोडं. डेटॉल लावलं. इंजेक्शन राहिलं धावपळीत.

जुनाभांडुपकर:
ताई डेटॉलने नाही भागत. साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटं धुवायचं असतं आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन सुरू करायचं असतं. दंडात घेतलं तर ०, ३, ७, १४, २८ हे दिवस, महापालिकेच्या हॉस्पिटलात फुकट मिळतं. चावणारं कुत्रं पुढे १० दिवस धडधाकट राहिलं तर त्या चाव्यातून रेबीज नाही हे खरं आहे आणि तुमचे २२ झाले त्यामुळे आज घाबरू नका, पण ते १० दिवस बघत बसणं हा जुगार होता. उद्या डॉक्टरला मनगट दाखवा आणि कुत्री घरात आहे तर पुढचं काय ते विचारून घ्या. तिचं स्वतःचं लसीकरण पण कधी करायचं ते विचारा, आजारी असताना डॉक्टर लस पुढे ढकलतात. बाकी तुम्ही केलंत ते थोर आहे, ओरडलो म्हणून राग नको.

तिखटमीठ:
आमच्याकडे असाच एक पेल्व्हिसवाला येऊन गेला, त्या अनुभवावरून लिहिते. डॉक्टर तुमचे तेच खरे.

सक्त विश्रांती म्हणजे जेलच, मन घट्ट करा. उठून उभं राहता येईल, वळता येईल एवढीच जागा, त्याहून मोठी नको. क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, विकत घेऊ नका, कोणाच्यातरी माळ्यावर पडलेला असतो, बिल्डिंगच्या ग्रुपवर विचारा. नाही मिळाला तर दिवाण आणि भिंतीच्या मधला कोपरा पुठ्ठ्याने अडवा. दाखवायचं काम नाही कोणाला. खाली जाड फोम, वर प्लॅस्टिक, वर जुनी चादर, आणि ती स्वतः कूस बदलत नसेल तर दर तीन चार तासांनी तुम्ही बदला नाहीतर कोपराला, खुब्याला चट्टे पडतात आणि ते हाडापेक्षा हट्टी असतात. बाहेर काढायची ती फक्त शू शीसाठी, पोटाखालून टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची म्हणजे मागचं वजन तुमच्या हातात. त्या तेवढ्या वाटेवर योगा मॅट टाका. टाइल्सवर एकदा फेंगडी झाली तर जमत आलेलं हाड परत हलतं, डॉक्टरांना तो परवाचा प्रकार सांगितलात का?

सगळ्यात फसवा आठवडा तिसरा चौथा. दुखणं कमी होतं आणि हाड अजून कच्चं असतं. आमचा नेमका तेव्हा सोफ्यावर चढला होता. तेव्हा अंगातली मस्ती डोक्यातून काढायची, जुन्या टॉवेलच्या घडीत कोरडं खाणं लपवून गुंडाळी करून द्या, पंधरा मिनिटं हुंगत बसते. दही वाटीत गोठवून द्या. रात्री फारच आरडाओरडा करत असेल तर शांत करायची औषधं डॉक्टर देतात, मागायला लाजू नका.

पॉटीचं दुर्लक्ष करू नका. शी बाहेर येते ती वाट त्याच हाडाच्या कड्यातून जाते, ते मोडून जुळताना अरुंद होऊ शकतं. लाल भोपळा उकडून कुस्करून भातात, पाणी भरपूर, आणि पातळ करायचं औषध डॉक्टरांना विचारून. दोन दिवसांच्या वर गेलं तर फोन करायचा. आणि याच कारणासाठी तिची नसबंदी झालीच पाहिजे, अरुंद वाटेत पिल्लं अडकतात आणि आई पण जाते. कान कापलेला आहे का तिचा?

सासूबाईंना सांगा पोळी चालेल पण कांदा लसूण घातलेलं काही नको, मनुके नकोत, शिजलेली हाडं नकोत. आणि घरातली दुखण्याची गोळी कोणीही मायेने द्यायची नाही. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही आहे, कुत्र्यासाठी दोन्ही विष.

लिंबूसरबत:
कान अख्खा आहे, म्हणजे नसबंदी नाही झालेली. दिवाणाची आयडिया भारी, नवरा आत्ताच पुठ्ठे आणायला गेला. आणि गोळीचं वाचून पोटात गोळा आला, सासूबाई परवाच म्हणत होत्या की माझी गुडघ्याची अर्धी देऊ का.

कलमकसई:
सेक्रेटरींना चहाला बोलवा आणि शांतपणे सांगा. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्स आहेत, सोसायटी बहुमताने ठराव करून पण कुत्रं पाळायला बंदी घालू शकत नाही आणि लिफ्ट नाकारू शकत नाही. ते म्हणतायत तो कोर्टाचा आदेश ११ ऑगस्ट २०२५ चा, दिल्ली आणि आजूबाजूचा. २२ ऑगस्टला कोर्टानेच तो बदलला, नसबंदी आणि लस करून जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, रेबीज झालेली किंवा फार आक्रमक सोडून, असं तेव्हा सांगितलं. आणि तुमच्या घरात आजारी पडलेल्या कुत्रीशी याचा काही एक संबंध नाही. फक्त लिफ्टमध्ये शू झाली तर स्वतः पुसा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

आता तुमचा चौथा प्रश्न. २०२३ चे एबीसी, म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम पण हेच सांगतात की कुत्रं त्याच्या जागी परत. माझं मत तेच आहे. ती मावशींची आहे. आपण शिकलेली माणसं येऊन ठरवतो की फ्लॅट म्हणजे घर आणि गाडीखाली म्हणजे बेघर.

तिखटमीठ:
नियम बऱ्या कुत्र्यासाठी आहे हो. एलबीएसवर मेट्रोच्या कामापासून काय ट्रॅफिक आहे ते तुम्ही बघता ना? हिला टेम्पो चुकवायला उडी मारता आली नाही तर? मावशी रात्री भाजी झाकून घरी जातात, मग ती एकटीच असते. प्रेमाला कोण नाही म्हणतंय.

जुनाभांडुपकर:
मावशी घरी नेऊ शकत नाहीत का, हे कोणी विचारलंच नाही.

लिंबूसरबत:
मी विचारलं होतं. दहा बाय दहाची खोली, सहा माणसं, त्यातला नातू तीन महिन्यांचा. त्या हसल्या फक्त. ते विचारल्याचं मलाच कसंतरी झालं नंतर.

लिंबूसरबत:
अपडेट देते, बरेच दिवस झाले. सहाव्या आठवड्याचा एक्सरे झाला, हाड जुळलंय. वाकडं जुळलंय पण जुळलंय. उजवा मागचा पाय बारीक झालाय, रोज दोनदा पाय हलक्या हाताने दुमडायचा आणि सोडायचा, दहा दहा वेळा, मग पाच मिनिटं हळू चालणं, हे सगळं डॉक्टरांनी शिकवलं. चालते, पण वळताना मागचा भाग जरा उशिरा येतो, लोकलच्या शेवटच्या डब्यासारखा. पळेल, पण पटकन बाजूला होणं जमणार नाही कदाचित कधीच, असं डॉक्टर म्हणाले. प्लेटलेट वर आल्यावर नसबंदी झाली, लस झाली. माझंही डॉक्टरांकडे जाऊन झालं, जुनाभांडुपकर काका, पोटभर बोलणी खाल्ली तिथे पण.

त्या पटकन बाजूला न होण्याने माझा निर्णय झाला, पण मी एकटीने तो घ्यायचा नाही असंही ठरवलं. मावशींना घरी बोलावलं. त्या आल्या, दारात चप्पल काढेपर्यंत चिंगीने जो काय आवाज काढला तो मी दीड महिन्यात ऐकला नव्हता. दीड महिना आम्ही चिंगी चिंगी करतोय, कान पण हलवत नाही, आणि राणी म्हटल्यावर लोळण. सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मावशींना मोबाइलवर दोन्ही एक्सरे दाखवले, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. बराच वेळ पाय चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, तुम्ही ठेवा. मी म्हटलं मावशी आम्ही दोघं दिवसभर बाहेर, सासूबाईंचे गुडघे, तिला जिन्यावरून उचलणार कोण, आम्हाला नाही जमणार. हे म्हणताना रडले मी. मग म्हणाल्या, बरं, मग घर मी बघणार.

चार चौकशा आल्या होत्या. दोघांनी "लंगडते का? मग नको" म्हणून फोन ठेवला. एकाला गोदामाच्या राखणीला बांधून ठेवायला हवी होती. चौथे डोंबिवलीचे, नवरा बायको आणि दहावीतली मुलगी, तळमजला, जिना नाही, आधीचा कुत्रा म्हातारा होऊन गेला. माझ्याकडे फॉर्म होता छापलेला, लस, नसबंदी, नाही जमलं तर आम्हालाच परत द्यायची वगैरे. रविवारी मी आणि मावशी स्लो लोकलने गेलो. मावशींनी फॉर्मकडे बघितलं पण नाही. फ्रीज उघडून दाखवायला लावला. आधीच्या कुत्र्याला शेवटच्या दिवसात कोणी उचलायचं ते विचारलं. मुलीला बाजूला घेऊन विचारलं, परीक्षा आली की हिला बाहेर कोण नेणार, आणि मुलगी म्हणाली बाबा, तर बाबांना पुन्हा वेगळं विचारलं. शेवटी गॅलरीत गेल्या. गॅलरी कमरेएवढी, खाली सरळ रस्ता.

माणसं चांगली आहेत, परत येताना ट्रेनमध्ये मावशी स्वतःच म्हणाल्या. पण तिथे त्यांना सांगून आल्यात, आधी जाळी लावा, फोटो पाठवा, मग मी पोरगी पाठवते. काल फोटो आला. मावशींना दाखवला तर बोटाने मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, खालची फट बुजवायला सांगा.