अंदमान, फक्त दोन दिवस : बाबांची कोठडी की मुलाचा समुद्र?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या मध्यात मावसभावाचं लग्न आहे, चेन्नईला. सांगलीहून एवढं लांब जातोच आहोत तर तिथून अंदमान करून यावं असा विषय निघाला. निघाला म्हणजे बाबांनी काढला. बाबा ७३ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गुडघे कुरकुरतात, पण काठीचं नाव काढलेलं चालत नाही. सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

रजा मोजकी. शनिवारी सकाळी सव्वानऊला विमान पोर्ट ब्लेअरला उतरतं (२०२४ पासून श्री विजयपुरम, पण जिभेवर जुनंच नाव बसलंय). सोमवारी सकाळी अकराला परतीचं. म्हणजे हातात शनिवार-रविवार. आम्ही चौघं : बाबा, मी, बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलाला ‘मासे दिसतील असा समुद्र’ हवाय आणि बायकोला राधानगर बीच.

ट्रॅव्हलवाल्याने कार्यक्रम पाठवलाय. शनिवारी उतरल्या उतरल्या सेल्युलर जेल, मग रॉस बेट, रात्री लाइट अँड साउंड. रविवारी पहाटे बोटीने हॅवलॉक, तिथे एलिफंट बीच, राधानगर आणि संध्याकाळी परत. खाली बारीक अक्षरात ‘बारातांग ऑप्शनल’ असंही आहे. कागदावर सगळं बसतंय. खरोखर जमेल का? बाबांना दमवायचं नाहीये.

ता.क. मुलाकडे जुनी लालसर विसाची नोट आहे. तिच्या मागचं चित्र अंदमानचं आहे असं त्याने कुठेतरी वाचलंय. ती जागा बघता येईल का, हे विचारायला सांगितलंय.

पाणबुड्या

हॅवलॉक सोडू नका एवढंच सांगेन. आम्ही चौघे मित्र असेच एका दिवसात जाऊन आलो. सकाळची खाजगी बोट घ्या, दीड तासात पोचवते. राधानगरला २००४ साली टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं ते उगाच नाही. पांढरी वाळू, मागे उंचच उंच झाडं, एक दगड पायाला लागत नाही. आणि तिथवर जाताय तर स्कूबाही उरकून घ्या. तुरुंग दोन तासांत बघून होतो.

मिऱ्याबंदर

पाणबुड्या, रविवारी दुपारी स्कूबा आणि सोमवारी अकराला विमान, असं नका हो सांगू लोकांना. खाली असताना अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. १८ ते २४ तास विमान नाही म्हणजे नाही. तुम्ही चौघे तरणे होतात, निभावलं असेल. स्नॉर्केलिंगला ही अट नाही, ते खुशाल करा.

विश्रामबागकर, नवऱ्याच्या नोकरीपायी मी तीन वर्षं पोर्ट ब्लेअरला काढली आहेत. त्या तीन वर्षांत आमच्याकडे पाहुण्यांच्या सतरा तुकड्या आल्या. (मोजल्यात. चादरी मी धुतल्या.) त्यामुळे दोन दिवसांत काय होतं आणि काय होत नाही, हे मला विचारा.

सगळ्यात आधी घड्याळ. अंदमान पार ब्रह्मदेशाच्या बाजूला, पण घड्याळ आपलंच. जानेवारीच्या मध्यात तिथे सूर्य सव्वापाचच्या सुमारास बुडतो, सांगलीच्या तासभर आधी. पावणेसहाला मिट्ट काळोख. आपली माणसं चारला चहा घेऊन ‘चला, आता बीचवर’ म्हणून निघतात आणि अंधार बघून परत येतात. उलट उजाडतं पावणेसहाच्या आत. तेव्हा पहाटे उठा, दुपारी झोपा. तुमच्या ट्रॅव्हलवाल्याने कार्यक्रम सांगलीच्या घड्याळावर आखलाय, म्हणून तो कागदावर बसतोय.

आता जेल. दोन तासांत बघून होतं, खरंय. भिंती बघून होतात. बाबा ज्यासाठी येताहेत ते दोन तासांत होणार नाही. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम चाललं. मधला मनोरा आणि त्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तिमजली इमारती. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कैद्याला खूण करायचीसुद्धा सोय नाही. आज सातातल्या तीनच उभ्या आहेत. बाकीच्यांच्या जागेतच आता गोविंद बल्लभ पंत रुग्णालय आहे. माझ्या सासूबाईंना ताप आला तेव्हा आम्ही तिथेच रांगेत होतो आणि खिडकीतून तो मनोरा दिसत होता. विचित्र वाटतं, पण गाव आहे ते, नुसतं स्मारक नाही.

सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, इमारतीच्या पार टोकाला. जिना चढायचा आणि मग लांब व्हरांडा तुडवायचा. बाबांना हे आधी सांगून ठेवा, तिथे पायरीशी उभं राहून सांगू नका. कोठडी साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद आणि हवेचा झरोका तीन मीटरवर. त्यांच्या कोठडीला इतरांपेक्षा एक दार जास्त आहे. खाली फाशीघर. ४ जुलै १९११ ला आणलं त्यांना, १९२१ ला इथून हलवलं. त्यांचे थोरले भाऊ बाबारावही त्याच तुरुंगात. मी रत्नागिरीची. अंदमानानंतर सावरकर आमच्या गावच्या तुरुंगात होते आणि पुढे १९२४ ते १९३७ जिल्ह्यात स्थानबद्ध, त्यामुळे आमच्याकडेही त्यांची कोठडी दाखवतात. लहानपणी शाळेची सहल तिथेच. मला वाटायचं, बघितलीय की आपण. नव्हती बघितली.

आणखी एक. आपले लोक ती एक कोठडी बघून, फोटो काढून उतरतात. मनोऱ्यात संगमरवरावर प्रांतवार नावं कोरलेली आहेत, ती वाचायला बाबांना वेळ द्या. सगळ्यात लांब यादी बंगालची. आपल्याकडची त्या मानाने थोडी, त्यात नाशिकच्या खटल्यातले वामनराव जोशी आहेत. समोरच्या बागेत पुतळे आहेत, त्यातले महावीर सिंह १९३३ च्या उपोषणात गेले. नळीने बळजबरीने दूध घालताना.

म्हणून माझं मत : शनिवारी उतरा, खोलीवर सामान टाका, बाबांना आडवं होऊ द्या. जेवा. जेल दुपारी मध्ये तासभर बंद असतं, ते उघडलं की आत शिरा आणि बंद होईपर्यंत आतच राहा. तिथेच बाहेर चहा घ्या आणि अंधार पडल्यावर हिंदी लाइट अँड साउंड. तिकीट ऑनलाइन आधी काढा, दारात मिळेल या भरवशावर राहू नका. अंगणातलं पिंपळाचं झाड गोष्ट सांगतं. लहान मूल असलं तरी चालतं, आमच्या भाच्याने हूं की चूं केलं नाही.

रॉस शनिवारी कोंबू नका. आणि रविवारी चौघांनी एकत्रच फिरायला हवं असं कुठे लिहिलंय? वहिनी आणि मुलगा सकाळच्या बोटीने हॅवलॉकला जाऊ देत. तुम्ही आणि बाबा सकाळी निवांत रॉसला. दहा-पंधरा मिनिटांची होडी, वर फिरायला बॅटरीची गाडी मिळते. १९४२ पर्यंत गोऱ्यांची राजधानी होती ती. चर्च, बेकरी, साहेबाचा बंगला, सगळ्यांच्या भिंती मुळांनी गिळल्यात. हरणं हातातलं खातात. बाबा पाटबंधाऱ्यातले म्हणजे त्यांना ती मुळं आणि त्या विटा बघून खूप बोलायचं असेल. बोलू द्या. जेलच्या विटा तर ब्रह्मदेशातून आणलेल्या. ब्रह्मदेशचा राजा थिबा आमच्या रत्नागिरीत आणून ठेवला आणि विटा अंदमानात, इंग्रजांचा हिशेब असा.

रविवारी रात्री सगळे पोर्ट ब्लेअरलाच हवेत. विमानाच्या आदल्या रात्री आपण आणि विमानतळ यांच्यामध्ये समुद्र नको. वारा फिरला की बोटी रद्द होतात, आणि बोट बंद झाली म्हणून विमान थांबत नाही. आमची सातवी तुकडी हे शिकली.

नोट : चित्र बरोबर अंदमानचंच. माउंट हॅरिएटच्या वाटेवरून दिसणारा नॉर्थ बेचा दीपस्तंभ. तिथे जायचं तर खाडीपलीकडे जावं लागतं, अर्धा दिवस मोडतो. पण तो दीपस्तंभ रॉसच्या बाजूनेही दिसतो. मुलाला काय ते तुम्ही ठरवा.

ओली_भेळ

बारातांगवर फुली मारा. पहाटे तीनला उठून गाड्यांच्या ताफ्यात जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावं लागतं, पूर्ण दिवस जातो. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर दहा दिवस हाताशी असले तरी मी जाणार नाही. गेले होते एकदा. माणसं नाव घेतात चुनखडीच्या गुहांचं आणि गाडीच्या काचेला नाक लावून शोधतात जारवा. मागच्या सीटवरचे एक काका ‘दिसला, दिसला’ म्हणून ओरडले तेव्हा मला मान वर करवेना.

खाण्याचं बोला की कोणीतरी! मासे ताजे आणि मुबलक. बंगाली आणि तमिळ दोन्ही पद्धतींचं जेवण मिळतं. भाजी मात्र बरीचशी जहाजाने येते, त्यामुळे शाकाहारी थाळी महाग वाटली तर हॉटेलवाल्याशी भांडू नका. बाजार अ‍ॅबर्डीनला, घड्याळाच्या मनोऱ्यापाशी. हिंदी सगळ्यांना येतं.

विश्रामबागकर

ताई, नमस्कार. इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. जिन्याचं ऐकून म्हणाले, “धरणाच्या भिंती चढलोय.” थिबाच्या विटांवर खूश आहेत. वेगवेगळं फिरायचं मात्र बायकोला विचारावं लागेल.

विश्रामबागकरांची_बायको

विचारावं लागेल काय, मी इथेच वाचतेय. मला चालेल. दोघंच गेलो तर एलिफंट बीच आणि राधानगर दोन्ही होईल का? आणि याला बोट लागते.

मिऱ्याबंदर

होईल, पण धावपळीचं. मासे बघायचे तर एलिफंट बीच, राधानगरला प्रवाळ नाही. पोचल्या पोचल्या जेट्टीवरूनच एलिफंट बीचची होडी धरा, लवकर जेवा, मग गाडीने राधानगर. जेट्टीपासून बारा किलोमीटर आहे. तिथे दीड तास मिळाला तरी पुरे म्हणा. परतीच्या बोटीआधी तासभर जेट्टीवर हजर. मध्ये काही लांबलं तर राधानगरवर पाणी सोडायची तयारी ठेवा, मुलाचे मासे नका सोडू.

राधानगरला मगरीची सूचना लावलेली दिसेल, ती गंमत म्हणून लावलेली नाही. २०१० मध्ये तिथे एक बळी गेलाय. लोक पोहतात तिथेच पोहा, कडेच्या शांत डबक्याकडे जाऊ नका.

बोट लागते तर निघण्याआधी गोळी आणि पोटात कोरडं काहीतरी. मोठ्या बोटी बंदिस्त, एसीच्या असतात, वारा लागत नाही. मधल्या खुर्च्या मागा. आणि शिंपले, प्रवाळ खिशात घालू देऊ नका. प्रवाळ उचलणं गुन्हा आहे, विमानतळावर बॅग उघडतात.

विश्रामबागकर

सहा आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. जाऊन आलो.

शनिवार ताईंनी सांगितला तसाच. जिन्यावर बाबा दोनदा थांबले, दोन्ही वेळा ‘विटांचा सांधा बघतोय’ म्हणून. कोठडीत गेल्यावर खिशातून टेप काढली. त्यांच्या खिशात टेप असतेच. लांबी मोजली, रुंदी मोजली, झरोक्यापर्यंत टेप पोचेना तेव्हा मला उचलायला सांगितलं नाही, नुसते वर बघत राहिले. मागे लोक ताटकळले होते, कोणी काही बोललं नाही. बाहेर येऊन व्हरांड्यात आकडे डायरीत लिहिले आणि मग मनोऱ्यातली नावं सव्वा तास वाचली. वामनराव जोशी सापडल्यावर मला हाक मारली.

रविवारी बायको आणि मुलगा एलिफंट बीचला गेले. पोपटी रंगाचा, चोचीसारखं तोंड असलेला मासा दिसला, त्याचं वर्णन अजून चालू आहे. राधानगर चाळीस मिनिटंच मिळालं. बायकोचं म्हणणं, चाळीस मिनिटांसाठीसुद्धा पुन्हा येईन. येताना बोट लागली, पण याला नाही, तिला.

रॉसवर मी आणि बाबा. तिथून समोर दीपस्तंभ दिसला. नोट मुलाने माझ्याकडे देऊन ठेवली होती, ‘तुम्ही तरी बघा’ म्हणून. मी फोटो काढला : हातात नोट, मागे दीपस्तंभ. रात्री त्याला दाखवला. बराच वेळ नोट आणि फोन शेजारी धरून बसला आणि म्हणाला, “दिवा बरोबर आहे, माडांची बाजू चुकलीय.” बाबांनी नोट घेतली, चष्मा वर केला, म्हणाले, “बरोबर बोलतोय. कोन चुकलाय. त्या डोंगरावरूनच बघायला पाहिजे होतं.”

तर पुढच्या खेपेसाठी विचारून ठेवतो, माउंट हॅरिएटवर थेट वरपर्यंत गाडी जाते का? बाबांनी विचारायला सांगितलंय.