राष्ट्रीय उद्यानातील सहल : स्पीकर न्यावा का?

सचिव : सभासदहो, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील रविवारच्या सहलीसाठी स्पीकर भाड्याने घ्यावा, अशी सूचना आली आहे. कृपया आपले मत कळवावे.

ए-३०२ : माझा स्पष्ट विरोध आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल एवढ्या दाट वस्तीत टिकले, याचे श्रेय बऱ्याच अंशी पाण्याला जाते. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. शहराला पिण्याचे पाणी स्वच्छ मिळावे म्हणून त्यांचे पाणलोट क्षेत्र राखले गेले आणि पुढे तेच या उद्यानाचा गाभा ठरले. तेथे जाऊन गोंगाट करणे मला पटत नाही.

बी-१०४ : स्पीकर नको, हे मान्य, पण बिबट्यांचे काय? आमच्याकडची मुले लहान आहेत.

ए-३०२ : ताई, काळजी रास्त आहे. बिबट्याचा वावर मुख्यतः संध्याकाळनंतर असतो, म्हणून दुपारीच परत फिरावे आणि मुलांना एकटे पुढे सोडू नये. उरलेले अन्नही तेथे टाकू नये, कारण त्यामागे भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

सी-२०१ : कान्हेरीला मात्र अवश्य जाऊ या. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत. सगळे मोठ्या चैत्यगृहापाशी (म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहापाशी) फोटो काढून परततात, पण खरे कौशल्य पाण्याच्या व्यवस्थेत आहे : कातळात कोरलेल्या पन्हळींमधून पावसाचे पाणी लेण्यांलगतच्या टाक्यांत उतरते आणि त्याच साठ्यावर तेथील भिक्खूंचे वर्ष निघत असे. ९० क्रमांकाच्या लेण्यात इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावे कोरली आहेत, म्हणजे हे ठिकाण पाहायला लोक हजार वर्षांपूर्वीही येत होते. (आज कोणी भिंतीवर नाव कोरताना दिसल्यास त्याला तेथेच थांबवावे, ही कळकळीची विनंती.)

बी-१०४ : मग आधी लेणी पाहू आणि जेवण नंतर ठेवू. चढ आहे, उन्हात मुले दमतील.

सचिव : ठीक आहे. स्पीकर रद्द. लेण्यांचे तिकीट उद्यानाच्या तिकिटाहून वेगळे असते, त्यामुळे येणाऱ्यांची संख्या शुक्रवारपर्यंत कळवावी.