मदत हवी आहे: प्रिंटर बंद असतानाही पिंगला उत्तर येतंय!

नमस्कार मंडळी,

ऑफिसात आयटीवाला कुणी नाही. 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना' म्हणत हे लोढणं माझ्या गळ्यात आलंय.

गेल्या आठवड्यात राउटर बदलला. जुना १९२.१६८.०.१ या आयपीवर (नेटवर्कवरच्या पत्त्यावर) होता, नवा १९२.१६८.१.१ वर. प्रिंटरला जुन्या नेटवर्कचा १९२.१६८.०.५० हा आयपी हाताने भरलेला, त्यामुळे तो कुणालाच सापडेना. इथवर माझं मला कळलं. पॅनेलवर डीएचसीपीऐवजी (म्हणजे राउटरने आपोआप आयपी देण्याऐवजी) मॅन्युअल ठेवून १९२.१६८.१.५० भरला. दोन ओळींचा तो स्क्रीन, बाण दाबून एकेक आकडा चढवायचा. ५० च्या पुढे बोट गेलं की २५५ पर्यंत जाऊन परत फिरायचं! सबनेट मास्क (नेटवर्क केवढं ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.० होताच. सगळ्या मशीनवर नवा पोर्ट (प्रिंट कुठल्या आयपीवर पाठवायची ती नोंद) टाकला, प्रिंट सुरू.

पण सकाळी चालतो आणि अकरानंतर 'ऑफलाइन'. बंद-चालू केला की पाच मिनिटं बरा. काल वैतागून त्याची केबलच उपटली आणि पिंग केलं (त्या आयपीवर कुणी आहे का अशी हाक मारली), तर रिप्लाय येतोय! भुताटकी आहे का?

शिवाय प्रिंट निघत असतानाही स्कॅन टू ईमेल जात नाही. डीएचसीपीवर टाकून मोकळं व्हावं का?

प्रतिसाद १

भूत नाही, घुसखोर आहे. राउटर ज्या पट्ट्यातून आयपी वाटतो त्यात ५० येत असणार. तुम्ही तो प्रिंटरला दिलाय हे राउटरला कुठे ठाऊक? त्याने दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला. केबल काढलेली असतानाच पिंग करा, मग कमांड प्रॉम्प्टवर 'arp -a' (कुठला आयपी कुठल्या यंत्राकडे आहे ती यादी). ५० समोरचा मॅक ॲड्रेस (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) प्रिंटरच्या कॉन्फिगरेशन पेजवरच्या मॅकशी ताडून बघा.

नुसतं डीएचसीपी नको. उद्या आयपी बदलला की सगळ्या मशीनचे पोर्ट पुन्हा चुकतील. प्रिंटर डीएचसीपीवर ठेवा, पण राउटरमध्ये त्याच्या मॅकवर ५० रिझर्व्ह करा.

स्कॅनचं म्हणाल तर गेटवे (नेटवर्कबाहेर जायचा रस्ता, म्हणजे राउटरचा आयपी) बघितलात का? एकाच नेटवर्कमधल्या प्रिंटला तो लागत नाही, बाहेर मेल जायला लागतो. डीएनएसही (नावावरून आयपी शोधून देणारा सर्व्हर) बघून घ्या.

धागाकर्ता

गेटवे जुन्या राउटरचा ०.१ च होता! फक्त आयपी बदलला आणि खालच्या ओळीकडे बघितलंच नाही. डीएनएसही तोच.

मॅक वेगळा निघाला. राउटरच्या यादीत शोधला तर साहेबांचा टॅब. ते अकराला येतात. वाटपाचा पट्टा २ ते २५४, म्हणजे हाताने द्यायला पट्ट्याबाहेर मोकळी जागाच नव्हती. रिझर्व्हेशन टाकलं, टॅबचं वायफाय बंद-चालू केल्यावर त्याला दुसरा आयपी मिळाला. आता प्रिंटर आपणहून ५० घेतो, स्कॅनही गेलं.

अकाउंट्सच्या एका मशीनवर मात्र अजून ऑफलाइन... थांबा, तिथे पोर्टच्या यादीत जुन्या ०.५० वरच टिक आहे.