जुन्या गिटारला तारा कोणत्या: स्टील, नायलॉन की तात?

वरूडकर: गिटार जुनी आहे, लेबल फाटलेलं. नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) 51 मिमी रुंद, खुंट्यांचे रूळ (ज्यांवर तार गुंडाळते ते) जाड, पांढरे. तारेची लांबी 650 मिमी. सध्या स्टीलच्या 12-53 तारा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) चढवलेल्या आहेत. बाराव्या पडद्यावर तार 5 मिमी उंच, घोडीमागे (तारा बांधतात त्या लाकडी तुकड्यामागे) तबली, म्हणजे पुढची फळी, फुगलेली. आवाज मोठा, पण पत्र्यासारखा. भजनाच्या साथीला लागते. काय करू?

तबलीवाला: भाऊ, त्या तारा आजच उतरवा. सहाही खुंट्या आळीपाळीने थोड्या थोड्या सैल करत या. जाड रूळ आणि 51 चा नट म्हणजे ही नायलॉनची किंवा तातेची (जनावराच्या आतड्याच्या तारेची) गिटार. नायलॉनच्या सहा तारांचा ताण मिळून 40 किलोच्या आसपास, तुमच्या स्टीलचा 70 च्या वर. तो भार तबलीखालच्या बारीक पट्ट्या किती दिवस झेलतील?

मग घोडीच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकवून पाहा. शिरला तर सांधा सुटलाय.

वरूडकर: मंद्र तारांच्या बाजूने 4 मिमी शिरला.

तबलीवाला: घोडी पूर्ण काढा, जुना सरस खरवडून कोरं लाकूड दिसू द्या, गरम सरस लावून 24 तास क्लॅम्पमध्ये ठेवा. पांढरा गोंद टाळा. ताणाखाली तो हळूहळू सरकतो, आपल्याकडच्या मे महिन्यात तर जास्तच. इपॉक्सी लावलं तर पुढच्या वेळी घोडीबरोबर तबलीची सालं निघतील.

ताततार: आता आवाजाचं. 1940 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कात वाद्यं बनवणाऱ्या अल्बर्ट ऑगस्टीननी नायलॉनच्या तारा आणल्या, तोवर अशा गिटारींना तातच असे. पिंजाऱ्याच्या धनुकलीला लागते तीच जात. सूर गोड, खरखरीत, पण पावसाळ्यात ओल पिऊन उतरते आणि लवकर उसवते. रोजच्या भजनाला नकोच.

साधा नायलॉनचा नॉर्मल टेन्शन (मध्यम ताणाचा) सेट घ्या. त्यात तिसरी तार जाड असते, जवळपास 1 मिमी, म्हणून थप्प वाजते. तेवढी एक फ्लोरोकार्बनची (दुसऱ्या एका प्लास्टिकची) लावा: तो माल नायलॉनपेक्षा जड, त्यामुळे त्याच सुराला तार बारीक पुरते आणि उघडी बोलते. आवाज स्टीलपेक्षा लहान होईल, पण गोल आणि भरलेला. पहिली तार घोडीला दोन वेढे देऊन बांधा, नाहीतर निसटते. नव्या तारा चार-पाच दिवस सुरातून सारख्या उतरतील, तो दोष नव्हे.

सागवान: उंची शेवटी बघा, ताण गेल्यावर तबली थोडी बसते. बारीक तारेखाली 3, जाड तारेखाली 4 मिमी हवेत. बाराव्या पडद्यावर 1 मिमी उतरवायला घोडीवरची हाडाची पट्टी 2 मिमी घासावी लागते, आणि ती खालूनच घासा.

एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकू नये म्हणून गिटारच्या पेटीत भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला पिळलेला स्पंज ठेवा. कूलरच्या झोतात आणि टिनाच्या छपराखाली गिटार टांगू नका.