एकट्या पुरुषाला फॉस्टर केअरमध्ये फक्त मुलगाच का?

तांबडी_माती: फॉस्टर केअर म्हणजे संस्थेतलं पोर काही काळ आपल्या घरी सांभाळणं. केंद्राच्या २०२४ च्या नव्या नियमावलीनं ३५ ते ६० वयाच्या एकट्या माणसालाही फॉस्टर पालक होता येतं, मग तो अविवाहित असो, विधुर असो की घटस्फोटित. आधी ही मुभा फक्त जोडप्यांना होती. पण एकट्या बाईला मुलगा-मुलगी कुणीही चालतं, पुरुषाला फक्त मुलगा. का? इथं कोल्हापुरात दहा-बारा वर्षांची पोरं गाव सोडून तालमीत राहतात. पहाटे उठवणं, खुराकावर नजर, खांदा निखळला तर रात्री दवाखाना, सगळं वस्ताद बघतो. पुरुषाला पोर सांभाळता येत नाही, असं गंगावेशीत उभं राहून म्हणून दाखवा!

कळंबा_कट्टा: भावा, त्याच पोराला ताप चढला की ते आईलाच फोन लावतं. आणि तालमीत पन्नास डोळे असतात. बंद फ्लॅटमध्ये कोण बघणार?

तांबडी_माती: जोडप्याच्या घरात पुरुष नसतो काय? अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो. तिथं कोण दार उघडून बघतंय?

बावड्याची_वकीलीण: खरी गोम २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. फॉस्टरमध्ये दोन वर्षं झाली (आधी पाच लागायची) की त्याच मुलाला दत्तक घेता येतं. मुलगी दिली, तर दोन वर्षांनी तिला काय सांगायचं? आधी कायदा बदला, मग नियमावलीवर बोला.

पाचवी_गल्ली: शाहू महाराज स्वतः १८८४ साली दत्तक आलेले. त्यांच्या गावात एवढी भीती?

कळंबा_कट्टा: प्रत्येक चर्चेत महाराजांना आणायलाच पाहिजे काय? दत्तक कायमचं असतं. फॉस्टरमध्ये पोराचे आईबाप कधीकधी हयात असतात, पोर परतही जातं.

लेकींचा_बाप: मी विधुर. दोन मुली एकट्यानं वाढवतोय. धाकटीला पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा तिनं शेजारच्या काकूंना नाही, मला सांगितलं. मेडिकलमधनं पॅड आणले, गरम पाण्याची पिशवी दिली, शाळेत चिठ्ठी पाठवली. आणि सरकार म्हणतं, तुमच्याकडं परकी मुलगी नको. लागतं हो मनाला.

बावड्याची_वकीलीण: दादा, तुमचं दुखणं रास्त आहे. पण दत्तकासाठी लोक तान्हं बाळच मागतात, सहाच्या पुढची मुलं संस्थेतच मोठी होतात. त्यातले मुलगे तरी न्यायला किती पुरुष पुढं येतात? तांबडी_माती, तू चाळिशीला आलास. अर्ज भरलास का?

तांबडी_माती: आईला विचारलं. म्हणाली, आधी लग्न कर.