बाबांच्या स्टुडिओच्या निगेटिव्हना व्हिनेगरचा वास येतोय, काय करू?

दापोलीकर७१: बाबांचा फोटो स्टुडिओ होता, १९६८ ते ९२. परवा माळ्यावरून दोन ट्रंका काढल्या, आत बिस्किटांच्या डब्यांत निगेटिव्ह, बहुतेक १२० च्या रोलचे ब्लॅक अँड व्हाइट, ओर्वो आणि इंदू ब्रँडचे, थोडे कलर. निम्म्या गावाची लग्नं आहेत त्यात. एक डबा उघडला तर आंबूस भपकाराच आला, काहींवर बुरशी, काही बटरपेपरला चिकटलेत. आई म्हणते डांबरगोळ्या टाक. मी धुवून वाळवू का?

अंधारखोली: पाणी अजिबात लावू नका!! बुरशी जिलेटिन (फिल्मवरचा चित्राचा थर) खाते, मग ते पाण्यात विरघळतं आणि चित्रच धुऊन जातं. सुकलेली बुरशी मऊ ब्रशने हलकेच झाडा, तोंडाला मास्क लावून. चिकटलेले ओढू नका, राहू देत तसेच. वासाचं म्हणाल तर ती अ‍ॅसिटेट (एक प्रकारचं प्लास्टिक) फिल्म तुटतेय, त्यातून अ‍ॅसिड सुटतं आणि त्या अ‍ॅसिडनेच ती अजून वेगात तुटते, शेजारचे चांगले रोलही बिघडतात. तो डबा आजच वेगळा काढा. डांबरगोळ्या नकोत.

पुणेरी_रीळ: आजोबांच्या काळातलं काही असेल तर काठावर 'सेफ्टी' छापलंय का बघा. नसेल तर जुनी नायट्रेट फिल्म असू शकते, ती सहज पेटते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून फिल्म अर्काइव्हच्या नायट्रेट प्रिंटा गेल्या, आठवत असेल. काडी लावून टेस्ट करायला जाऊ नका एवढंच.

कोपरा२२: स्कॅन करा आणि टाकून द्या की, कशाला पसारा

अंधारखोली: @कोपरा२२ हार्ड डिस्क गेली की मग काय करणार? स्कॅन कराच, वासवाले आधी, कारण ते आकसून वाकडे झाले की सपाट बसत नाहीत. पण मूळ ठेवा. पीव्हीसीचे पाऊच नकोत, पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. कोकणातल्या पावसात कपाटाचा भरवसा नाही, त्यापेक्षा फ्रीजर बरा. कोरडे असताना दोन झिपलॉक पिशव्यांत घालून हवा काढायची, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण रूम टेंपरेचरवर आल्याशिवाय पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव धरतं.

दापोलीकर७१: धन्यवाद, वासाचा डबा पडवीत नेलाय. फ्रीजरचं आईला सांगितलं तर म्हणाली सुरमई कुठे ठेवू मग? जुना छोटा फ्रीज कुणी विकतंय का बघतो.